आधी हवा, मग तारा, आणि हॅमर सगळ्यात शेवटी

दहा दिवस घर बंद होतं. आल्याआल्या पियानोचं झाकण उघडलं आणि तो ओळखीचा वास आला, ओल्या लोकरीचा, कपाटात खूप दिवस राहिलेल्या स्वेटरला येतो ना तसा. हवेतली आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर 79 टक्के दाखवत होता. बाहेर पाऊस, खिडक्या बंद, हवेतला ओलावा ओढणारा डिह्युमिडिफायर बंद. वाजवायला बसले तर मधल्या सप्तकातली एफ शार्पची पट्टी दाबली ती दाबलेलीच राहिली, बोटाने उचलली तर वर आली, परत दाबली, परत तशीच. आणि आवाज सगळा बद्द. म्हणजे सूर लागतोय पण त्याच्यावर कुणीतरी गोधडी टाकलीय असं वाटत होतं.

पूर्वी असं झालं की मी टेक्निशियनला बोलवायला लगेच फोन उचलायचे. या वेळी नाही उचलला. का ते सांगण्यासाठीच ही पोस्ट लिहितेय, कारण दमट हवेत पियानो ठेवणारे माझ्यासारखे बरेच जण तीच चूक करतात आणि ती महागात पडते, पैशाने तर पडतेच पण पियानोच्या आयुष्यानेही पडते.

आधी त्या पट्टीचं बोलू. पट्टी अडकली की लोक घाबरतात आणि तेलाचा स्प्रे शोधायला जातात. कृपा करून असं करू नका. पट्टीच्या आत बारीक लोकरीच्या कापडाची बुशिंग असतात, तेल त्या लोकरीत मुरतं, धूळ धरतं, चिकट होतं आणि मग पाऊस गेला तरी पट्टी सुटत नाही. आणि उडालेला फवारा ट्यूनिंग पिनपर्यंत, म्हणजे तारा ज्यांच्यावर गुंडाळलेल्या असतात त्या पिनपर्यंत पोचला तर पिन लाकडात धरायच्याच बंद होतात, त्याच्यावर मग सोपा उपाय नाही.

मी काय केलं तर पट्ट्यांच्या पुढे जी लांब लाकडी फळी असते, तिला कीस्लिप म्हणतात, ती काढली. चार स्क्रू, बाकी काही नाही. दमट हवेत ही फळी फुगून पट्ट्यांच्या तोंडाला घासायला लागते आणि पुष्कळदा सगळा दोष तिचाच असतो. तसं असेल तर स्क्रू जिथे बसतात तिथे फळीच्या मागे जाड कागदाची घडी ठेवली की काम झालं. माझ्या बाबतीत फळी काढूनही एफ शार्प तशीच होती. मग टॉर्च घेऊन बघितलं. पट्टीच्या पुढच्या टोकाखाली एक पिन उभी असते, तिच्या दोन्ही बाजूंना लाल कापड. बाकीच्या पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला अगदी केसभर हलत होत्या, ही अजिबात हलत नव्हती, कापडाने फुगून पिनला घट्ट धरलं होतं. म्हणजे रोग कळला. यासाठी एक खास पक्कड मिळते, ती बुशिंगला हलकेच दाबून जागा करते, आणि माझ्याकडे ती आहेसुद्धा. हातात घेतली होती. परत ठेवली.

कारण तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. असेच ओले महिने होते, पियानोचा आवाज असाच सादळलेला, आणि मला एका छोट्या कार्यक्रमासाठी वाजवायचं होतं. एक टेक्निशियन आले, त्यांनी वाजवून बघितलं, म्हणाले हॅमर मऊ पडलेत, हार्डनर लावून देतो. हॅमर म्हणजे तारांवर आपटणाऱ्या, फेल्टच्या म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या डोक्याच्या हातोड्या, आणि हार्डनर म्हणजे पातळ केलेली लॅकर, ती फेल्टमध्ये सोडायची, वाळली की फेल्ट कडक होतं. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पियानो खणखणीत, मी खूश. मग पाऊस गेला, हवा कोरडी झाली आणि महिन्याभरात वरची दोन सप्तकं अशी कर्कश झाली की भांडी आपटल्यासारखं वाटायचं. हळू वाजवणं जमेचना. पियानिसिमो नावाची गोष्टच उरली नाही त्या पियानोत. हॅमर मुळात मऊ पडलेच नव्हते, ते फक्त ओले होते. ओलं फेल्ट म्हणजे मऊ फेल्ट, आणि आम्ही ओलाव्यावर लॅकर मारली. पाणी जायचं तेव्हा गेलं, लॅकर राहिली.

ते निस्तरायला माझ्या नेहमीच्या ट्यूनर काकांना दोन पूर्ण दिवस लागले, तेही कोरड्या महिन्यांत. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "पुढच्या वेळी मला विचारायच्या आधी हवेला विचारा."

तेव्हापासून मी हे सगळं वाचायला, बघायला, लिहून ठेवायला लागले.

मुळात काय होतं ते समजून घेतलं की बाकीचं आपोआप कळतं. पियानोचा आवाज येतो साउंडबोर्डमधून, ती स्प्रूसच्या लाकडाची साधारण 8-9 मिलिमीटर जाड फळी असते आणि ती सपाट नसते, मध्ये किंचित फुगीर असते. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. हवेत 40 टक्के आर्द्रता असेल तर लाकूड शेवटी स्वतःच्या कोरड्या वजनाच्या जेमतेम 8 टक्के पाणी धरून स्थिरावतं, 80 टक्क्यांत तेच 16 च्या आसपास जातं, म्हणजे दुप्पट. आणि ते फुगतं रेषांच्या आडव्या दिशेला, लांबीत जवळजवळ नाही. आता फळी कडेने पक्की चिकटवलेली, मागून लाकडी रिपा मारलेल्या, तर तिला रुंद व्हायला जागाच नाही. मग ती जाते वर. फुगवटा वाढतो, वर बसलेला ब्रिज, म्हणजे तारा ज्याच्यावर टेकतात ते लाकूड, वर ढकललं जातं, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. कोरड्या हवेत याच्या उलट, सूर उतरतो. एका पियानोत साधारण 230 तारा, सगळ्यांचा मिळून ताण 15 ते 20 टनांच्या घरात, म्हणजे लोखंडी फ्रेम आहे म्हणून हे यंत्र उभं आहे, पण सूर मात्र त्या नऊ मिलिमीटरच्या लाकडावर अवलंबून.

बरं, सगळा पियानो सारखाच चढला असता तर एकट्याने वाजवणाऱ्याला कळलंही नसतं. तसं होत नाही. खर्जाच्या तांबं गुंडाळलेल्या तारा आणि मधल्या साध्या तारा जिथे बदलतात त्या जागेला ब्रेक म्हणतात, त्या ब्रेकच्या लगेच वरच्या साध्या तारा सगळ्यात जास्त चढतात, कारण त्या त्यांच्या ताकदीच्या मानाने ढिल्या असतात आणि थोडंसं ताणलं तरी त्यांच्यात टक्केवारीने मोठा फरक पडतो. वरचं टोक फारसं हलत नाही. खर्जाचा ब्रिज वेगळा, त्याची चाल वेगळी. म्हणून ओल्या महिन्यांत पियानो कणसूर होतो तो मध्येच, ऑक्टेव्ह जुळत नाहीत, डावा हात आणि उजवा हात दोन वेगळ्या वाद्यांवर असल्यासारखे वाटतात. माझ्या वहीत मधल्या ए ची नोंद कोरड्या महिन्यांत 440 हर्ट्झ आणि ऐन पावसात 443 अशी आहे, म्हणजे जवळजवळ 12 सेंट, आणि ब्रेकजवळ तर 20 च्या वर गेलेले आकडे आहेत. 100 सेंट म्हणजे एक अर्धा स्वर, त्यावरून अंदाज घ्या.

आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे पियानोतल्या सगळ्या वस्तू एकाच वेगाने ओल्या होत नाहीत. फेल्ट आणि बुशिंगचं कापड काही तासांत सादळतं, साउंडबोर्डला दिवस लागतात, कधी आठवडे. म्हणजे आज पाऊस पडला तर संध्याकाळी आवाज बद्द होईल, पट्ट्या जड होतील, पण सूर अजून जागेवर असेल, तो दोन आठवड्यांनी चढेल. आणि हवा कोरडी झाली की पट्ट्या आधी सुटतील, सूर मागून उतरत राहील. मधल्या काळात ट्यून केलं तर ते धावत्या गाडीत चहा ओतण्यासारखं आहे.

म्हणून पहिलं काम हवा. 40 ते 50 टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी ठेवा असं सगळे सांगतात, आणि ते बरोबर आहे, पण ज्यांच्या घरात आठ महिने 70 च्या वर असतं त्यांनी हा आकडा बघून हताश होऊ नये. माझं ठाम मत असं आहे की वर्षभर स्थिर 55 हे आठवड्यातून चार वेळा 42 ते 75 असे झोके घेण्यापेक्षा कितीतरी चांगलं. पियानोला मारतो तो झोका. लाकूड दाबून फुगलं की त्याच्या पेशी चिरडतात, मग सुकलं की ते आधीपेक्षा आखडतं, आणि साउंडबोर्डच्या चिरा कोरड्या हवेत दिसल्या तरी त्यांची सुरुवात अनेकदा आधीच्या दमट दिवसांत झालेली असते. एसी याच कारणाने फसवा आहे. चालू असेपर्यंत हवा कोरडी करतो, बंद केला की तासाभरात आर्द्रता परत वर, आणि रोज रात्री चालू सकाळी बंद म्हणजे रोज एक झोका. एसी लावायचाच असेल तर त्याचा झोत पियानोवर येऊ देऊ नका आणि जोडीला डिह्युमिडिफायर दिवसभर चालू ठेवा.

हायग्रोमीटर आधी तपासून घ्या हेही सांगते, कारण माझा पहिला चक्क 9 टक्के कमी दाखवायचा आणि मी वर्षभर समाधानात होते. तपासणं सोपं आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, त्यात थेंब थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करायचं, विरघळवायचं नाही, आणि ते झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवायचं. नेहमीच्या तापमानाला त्या पिशवीतली हवा 75 टक्क्यांवर येऊन थांबते. तुमचा 66 दाखवत असेल तर 9 मिळवायचे, की झालं.

खोलीची हवा आटोक्यात येत नसेल तर पियानोच्या आतली आणता येते. आत बसवायच्या गरम नळ्या मिळतात, डॅम्प-चेसर हे त्यातलं सगळ्यात जुनं आणि माहितीचं नाव. तत्त्व साधं आहे, हवेतलं पाणी तेवढंच ठेवून हवा 10 अंशांनी गरम केली की सापेक्ष आर्द्रता साधारण निम्मी होते. अपराइटमध्ये, म्हणजे उभ्या पियानोत, ती नळी खालच्या फळीच्या मागे बसते, ग्रँडमध्ये, म्हणजे आडव्या पियानोत, साउंडबोर्डच्या खाली. पण नुसती नळी लावून मोकळं होऊ नका, तिच्याबरोबर ह्युमिडिस्टॅट हवाच, म्हणजे गरज असेल तेव्हाच ती चालू होईल. नाहीतर पाऊस संपल्यावरही ती आपली तापत बसते आणि मग कोरडेपणाचा त्रास सुरू. पियानोत साधा दिवा लावून ठेवायची जुनी युक्ती काहीजण अजून सांगतात, लाकूड आणि लोकरीच्या बंद पेटीत तापलेला दिवा ठेवायला माझा साफ विरोध आहे. आणि सिलिका जेलच्या पुड्या, त्यांनी नुकसान नाही पण उपयोगही नगण्य, एका खोलीच्या हवेपुढे त्या दोन-तीन दिवसांत भरून जातात.

जागेचं थोडक्यात, बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, न्हाणीघराच्या भिंतीला तर नाहीच, मागे वीतभर जागा सोडा, ऊन नको. कसर आणि बुरशी दोन्हींना अंधार आणि कोंदटपणा आवडतो म्हणून महिन्यातून एकदा खालची फळी काढून आत टॉर्च मारा. तारांना बोट लावू नका, घामाचा ठसा पडला की तिथे गंज धरतो.

आता ट्यूनिंग. मी स्वतः ट्यून करत नाही, पण काकांच्या शेजारी बसून बरंच शिकले. गंजलेल्या तारा असतील तर ते पिन आधी किंचित उतरवतात, एक बारीक टक् असा आवाज येतो, तार जिथे टेकलीय तिथली गंजाची पकड सुटते, आणि मगच वर चढवतात. सरळ चढवली तर तुटते. दमट हवेत पिनब्लॉकही, म्हणजे पिन ज्यात ठोकलेल्या असतात तो लाकडी ठोकळाही, फुगलेला असतो, पिन घट्ट असतात, किल्ली फिरवली तरी पिन आधी नुसती पिळली जाते आणि खालचं टोक जागेवरच असतं, हात काढला की सूर परत. म्हणून ते सूर थोडा ओलांडून परत आणतात आणि पट्टी जोरात दोन-चारदा मारतात, की तारेचे सगळे तुकडे आत्ताच काय ते बसून घेऊ देत.

एक प्रश्न मी त्यांना विचारला होता, पावसात पियानो 443 ला गेलाय तर तो ओढून 440 ला आणायचा का? ते म्हणाले, "तुम्ही कुणाबरोबर वाजवणार आहात का? नाही ना? मग मी 442 ला लावतो." तेव्हा मला हे कामचुकारपणाचं वाटलं होतं, आता पटतं. 440 हा 1955 पासूनचा आंतरराष्ट्रीय मापदंड आहे, बासरीवाला किंवा व्हायोलिनवाला सोबत असेल तर त्याला पर्याय नाही. पण एकट्याच्या पियानोत दर पावसाळ्यात सगळ्या तारा खाली ओढायच्या आणि दर कोरड्या दिवसांत परत वर, यात ट्यूनिंग टिकतच नाही, कारण एक तार हलवली की बाकीच्यांचा ताण बदलतो, आणि मोठा फरक काढायचा तर एकदा ढोबळ आणि मग एकदा बारीक असं दोनदा फिरावं लागतं. हवामानाबरोबर पिच थोडी तरंगू दिली आणि आतली नाती, म्हणजे युनिसन (एकाच स्वराच्या तारांचं आपसात जुळणं) आणि ऑक्टेव्ह, स्वच्छ ठेवली तर पियानो जास्त दिवस सुरात राहतो. वर्षातून दोनदा लावायचं असेल तर ऋतू बदलल्यानंतर तीनेक आठवडे थांबून, आणि दर वर्षी त्याच सुमारास.

व्हॉइसिंगचं मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण माझा जीव तिथे अडकलाय. तंबोऱ्याची जवारी काढतात ना, सूर तोच पण त्याचा पोत बदलतो, तसंच हे. हॅमरचं फेल्ट बाहेरून ताणलेलं आणि आतून दाबलेलं असतं, स्प्रिंगसारखं. त्या दोन दिवसांत काकांनी ॲक्शन, म्हणजे पट्टी दाबल्यावर हॅमर उडवणारी सगळी यंत्रणा, बाहेर काढून टेबलावर ठेवली होती आणि मी बाजूला खुर्ची घेऊन. त्यांच्या हातात लाकडी मुठीची तीन सुयांची टोचणी. हॅमरचं टोक म्हणजे घड्याळातले बारा धरले तर त्यांनी सुया घातल्या दहाच्या आणि दोनच्या जागी, खांद्यांवर, सरळ आत गाभ्याच्या दिशेने. लॅकर बसलेल्या फेल्टमध्ये सुई जाताना कुरकुर असा आवाज येत होता, साखरेवर पाय पडल्यासारखा, आणि सात-आठ वेळा टोचल्यावर तो आवाज बदलून नुसता भुस्स असा व्हायचा. मग ते थांबायचे. बाराच्या जागेला त्यांनी हात लावला नाही. म्हणाले तिथे खोल टोचलं की सूर मऊ होत नाही, मरतो, आणि मेलेला परत येत नाही.

त्याआधी त्यांनी हॅमरवर पडलेले तारांचे चरे बारीक सँडपेपरच्या पट्टीने काढले होते, कांद्याचा पापुद्रा निघावा तसा थर निघत होता, वरच्या सप्तकात अगदी हलक्या हाताने कारण तिथे फेल्टच मुळात थोडं. आणि एका स्वराच्या तिन्ही तारांना हॅमर एकाच वेळी लागतो का ते बघितलं, कारण एखादी तार मागे राहिली तर आवाज चिरका होतो आणि आपण बिचाऱ्या फेल्टला दोष देतो. म्हणजे क्रम असा, हवा स्थिर, मग ॲक्शनचं रेग्युलेशन, म्हणजे तिची बारीक जुळवाजुळव, मग ट्यूनिंग, आणि या सगळ्यानंतरही आवाज खटकला तर सुई. माझ्या वेळी हा क्रम नेमका उलटा झाला होता, हार्डनरची बाटली पहिली उघडली गेली.

दमट दिवसांत आवाज बद्द वाटला तर हॅमरला हात लावू देऊ नका एवढीच माझी कळकळीची विनंती आहे. उलटही खरं आहे, ऐन कोरड्या दिवसांत कर्कश वाटला म्हणून भरपूर टोचून घेतलं तर पावसात तो पियानो गादीवर वाजवल्यासारखा होईल. वर्षातले मधले दिवस निवडा, हायग्रोमीटर तीन-चार आठवडे एकाच ठिकाणी असेल तेव्हा.

तर परत माझ्या एफ शार्पकडे. पक्कड का ठेवली ते आता कळलं असेल. ती बुशिंगला दाबून कायमची जागा करते, आणि कापड सुकल्यावर ती जागा जास्त होते, मग पट्टी डावी-उजवी खडखडते. अर्थात पट्टी महिनाभर सुटलीच नसती तर वापरली असती, हट्ट नाही. हॅमरच्या सांध्यांचंही तेच, तिथे जेमतेम सव्वा मिलिमीटरची पिन कापडात फिरते, तीही घट्ट होते आणि हॅमर आळसावून परत येतो, आणि कोरड्या हवेतही तसंच राहिलं तरच ती पिन बदलायची.

डिह्युमिडिफायर लावला, पहिल्या दिवशी टाकी दोनदा रिकामी केली. आतली नळी चालू होतीच पण बंद घराच्या 79 पुढे तिचं एकटीचं काय चालणार. वहीतले आकडे असे आहेत, पहिल्या दिवशी 79, दुसऱ्या दिवशी 68, चौथ्या दिवशी 61, आणि मग हळूहळू, मी मुद्दाम मशीन अगदी जोरात चालवलं नाही कारण घाईने सुकवणं हाही झोकाच. सहाव्या दिवशी एफ शार्प दाबली तर खाली राहिली पण मोजून दोन सेकंदांनी आपली आपण वर आली. आठव्या दिवशी संध्याकाळी बाकीच्यांसारखी. काहीही केलं नव्हतं तिला.

आवाजावरची गोधडी अर्धी निघालीय. ए अजून 442 दाखवतोय आणि ब्रेकजवळ खूप कणसूर आहे, ते ऐकवत नाही, पण काकांना मी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिलीय. आज हायग्रोमीटर 55 वर आहे. तोपर्यंत उजव्या हाताचे धडे काढलेत, ब्रेकच्या वर.